दुरुस्तीची शाळा

भिवंडी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? यंत्रमागांचा खडखडाट, नाशिक हायवेच्या कडेला मैलोन्‌मैल पसरलेली गोदामं, ट्रकांच्या रांगा आणि खड्डे. इतिहास शोधायला भिवंडीला जातो असं सांगणारा माणूस मला तरी फारसा भेटलेला नाही. पण याच तालुक्यात लोनाडला शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर आहे. भग्न आहे, शिखर केव्हाच गेलंय, तरी काळ्या दगडाचा गाभारा उभा आहे. जवळच चौधरपाड्याला एक गधेगळ सापडला. त्याच्यावर शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इसवी सन १२३९-४० च्या सुमाराचा लेख आहे. आठशे वर्षांपूर्वी या भागात दगड घडवणारे, तो रचणारे आणि त्यावर अक्षरं कोरणारे हात होते, याचा हा लेखी पुरावाच.

आता दुसरी इमारत. भिवंडी शहरात धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमध्ये जिलानी नावाची तीन मजली इमारत होती. १९८४ सालची. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे माणसं झोपेत असताना तिचा एक भाग कोसळला आणि जवळपास चाळीस जीव गेले. वय किती होतं त्या इमारतीचं? छत्तीस वर्षं.

या दोन इमारती शेजारी ठेवून "बघा, जुनं ते सोनं" असं म्हणणं फार सोपं आहे आणि ते खरंही नाही. शिलाहारांच्या काळातली सगळी साधी घरं कधीच मातीला मिळाली, उरली ती देवळं. जी पडली ती आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. शिवाय देऊळ वेगळं आणि भाड्याच्या खोल्यांची चाळ वेगळी. तरी एक प्रश्न मात्र उरतोच. इमारत थकत चालली आहे हे वेळेवर ओळखणारा आणि तिला आधार देऊन पुन्हा उभी करणारा माणूस कुठे तयार होतो? नवीन बांधणारे कारागीर आपल्याकडे लाखांनी आहेत. दुरुस्त करणारे किती? आणि ते शिकतात कुठे?

मला वाटतं, ते दुरुस्तीच्या कामावरच शिकतात. दुसरी शाळा त्यासाठी नाही. आणि ही शाळा आपल्याकडे कशी बंद पडत गेली, कुठे कुठे ती पुन्हा उघडते आहे, त्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

जुन्या गावगाड्यात दुरुस्ती हा वेगळा विषयच नव्हता. सुतार आणि लोहार बलुतेदार होते. त्यांना वर्षाचं धान्य मिळायचं ते मुख्यतः वस्तू चालू ठेवण्यासाठी. नांगर मोडला, मोटेचा कणा गेला, दाराची चौकट खाली बसली की सुताराने यायचं. आजच्या भाषेत तो वार्षिक देखभालीचा करारच होता. कोकणात तर पाऊसच मुकादम. दर उन्हाळ्यात घर शाकारायचं, कौलं परतायची, कुजलेली रीप बदलायची. बाप वर, मुलगा शिडीवर कौलं देत उभा. पाच-सहा पावसाळे असे गेले की त्या मुलाला कुणी न सांगता कळायचं, पाणी कुठून येतं, कुठलं लाकूड आधी जातं, आणि वासा वरून धडधाकट दिसत असला तरी भिंतीत शिरतो तिथे आतून पोखरलेला असू शकतो. हे ज्ञान नवीन घर बांधून मिळत नाही. नवीन घरात सगळंच सरळ असतं. काय, कुठे आणि का बिघडतं हे जुनं उघडल्यावरच दिसतं.

हाताखाली राहून शिकण्याची ताकद काय असते ते भिवंडीच्याच इतिहासात आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दोनच वर्षांत, १६५९ मध्ये, कल्याण, भिवंडी, पनवेल या खाड्यांत लढाऊ गलबतं बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याच्या हाताखालची माणसं होती. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने मग काय केलं? त्याने या मंडळींना समजावून काम सोडायला लावलं आणि वसईला परत बोलावलं. गलबतं जाळली नाहीत की लाकूड अडवलं नाही, माणसं काढून घेतली. कसब माणसाच्या हातात असतं, आणि शेजारी उभं राहून काम करणाऱ्याच्या हातात ते उतरतं, हे त्याला नीट ठाऊक असणार. गलबतं मात्र त्यानंतरही बांधली गेलीच.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. भिवंडीहून कल्याणमार्गे अंबरनाथ फार लांब नाही. तिथलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. १८६८ साली सरकारने या देवळाची तपशीलवार नोंद करायचं ठरवलं. काम दिलं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला. शाळेचे तेव्हाचे प्रमुख टेरी आपली माणसं घेऊन अंबरनाथला आले. देवळाचे नकाशे काढले, फोटो घेतले आणि कोरीव कामाचे साचे काढले. साचा काढणं म्हणजे काय? मूर्तीच्या प्रत्येक वळणावरून, प्रत्येक खाचेतून हात फिरवणं. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने टाकी कुठे तिरकी धरली, कुठे हात आखडता घेतला, हे साचा काढणाऱ्याला जितकं कळेल तितकं लांबून बघणाऱ्याला कळणार नाही.

जे. जे. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवायला आले (लेखक रडयार्ड किपलिंग यांचे वडील). त्यांचा विषय इमारतींवरची शिल्पं. मुंबई तेव्हा नव्याने बांधली जात होती, आणि किपलिंग यांनी आपला वर्ग त्या इमारतींशी जोडला. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं त्यांच्या आरेखनाची. पुढे १८७८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं तोवर किपलिंग लाहोरला गेले होते, पण जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी त्या स्टेशनाच्या कोरीव कामात हात घातला. खांबांच्या माथ्यावरची पानं, माकडं, मोर, खारी... लोकल पकडायच्या घाईत आपण वर बघत नाही, पण एकदा बघाच. ते काम म्हणजे विद्यार्थ्यांची परीक्षा होती, आणि उत्तरपत्रिका अजून भिंतीवर लटकते आहे.

पण इथेच एक गोष्ट हळूहळू बदलली. आराखडा काढणारा आणि दगड फोडणारा वेगळे झाले. १८९६ साली जे. जे.मध्ये आराखडे काढणाऱ्यांसाठी वर्ग सुरू झाला, त्यातूनच पुढे वास्तुशास्त्राचं शिक्षण उभं राहिलं. हे आवश्यकच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिकलेला माणूस कागदाकडे गेला आणि पाथरवट, गवंडी, वडार, कामाठी हे साइटवर राहिले. कागदावरचं ज्ञान पदवी झालं, हातातलं ज्ञान मजुरी. मुंबईच्या या सगळ्या इमारतींच्या पाट्यांवर आर्किटेक्टचं नाव असतं, इंजिनियरचं असतं. दगड घडवणाऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

मग आलं सिमेंट. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ सालचं, पण भारतात ते यशस्वीपणे बनायला लागलं १९१४ साली, पोरबंदरला. हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. व्हिक्टोरिया टर्मिनसवरचं नाजूक कोरीव काम ज्या मऊ चुनखडकात आहे तो दगडही पोरबंदरचाच. तीस वर्षांपूर्वी ज्या गावचा दगड पोरांनी टाकीने कोरला, त्याच गावातून आलेली पिठासारखी भुकटी पुढे टाकी, घाणी आणि भट्टी या तिन्हींचा धंदा बसवणार होती.

सिमेंटने चुना का हरवला हे समजायला चुना म्हणजे काय भानगड आहे ते बघायला हवं. चुनखडी भट्टीत साधारण नऊशे अंशांवर भाजायची (कोकणात शिंपलेही भाजत). त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्याच्यावर पाणी घातलं की तो खदखदतो, वाफा येतात, हाताला लागला तर भाजतो. असा विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका जुना तितका चांगला. मग वाळू किंवा सुरखी (म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा) घालून घाणीत मळायचा. घाणी म्हणजे जमिनीतला गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, ओढायला बैल नाहीतर रेडा. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, मेथी असं काय काय प्रदेशाप्रमाणे पडायचं. भिंतीत भरल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू परत दगड होतो. हळूहळू म्हणजे खरोखरच हळू, महिने आणि वर्षं. ऐन पावसाळ्यात हे काम करता येत नाही, आणि कडक उन्हात केलं तर गोणपाट ओलं करून झाकावं लागतं, नाहीतर तडे जातात.

आता सांगा, एवढी यातायात कोण करणार? सिमेंटची गोणी फोडली, पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी घट्ट. गरीब माणसाला पक्कं घर सिमेंटनेच मिळालं, हे विसरून चालणार नाही.

गडबड होते ती जुन्या भिंतीला सिमेंट लावल्यावर. चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात ते सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला किंवा दरजा सिमेंटने भरल्या की आतलं पाणी आतच अडकतं. त्याबरोबरचे क्षार दगडाच्या नाहीतर विटेच्या पाठीमागे साठतात आणि तोंडचा पापुद्रा सुटतो. शिवाय सिमेंट दगडापेक्षा ताठ असतं. भिंत किंचित हलली की चुना सांभाळून घेतो, सिमेंट घेत नाही. मग तुटतो तो दगड. म्हणजे दुरुस्ती टिकते आणि इमारत जाते! आपल्याकडच्या कित्येक 'जीर्णोद्धारां'मध्ये नेमकं हेच झालंय. जीर्ण झालेल्याचा उद्धार असा केवढा सुंदर शब्द आहे, आणि त्याचा आजचा अर्थ काय, तर सिमेंट, ऑइलपेंट आणि बाथरूमच्या टाइल्स. हेतू वाईट नसतो. गावकरी वर्गणी काढतात, श्रद्धेने काढतात. पण चुन्याचं काम येणारा गवंडी पंचक्रोशीत उरलेलाच नसेल तर ते तरी काय करणार?

असा गवंडी पुन्हा तयार करता येतो का? येतो, आणि त्याचं मोठं उदाहरण दिल्लीत आहे. हुमायूनच्या कबरीचं काम आगाखान ट्रस्टने २००७ ते २०१३ या काळात केलं. पहिली काही वर्षं गेली ती आधीच्या 'दुरुस्त्या' काढण्यात. छतावरून दहा लाख किलोंहून जास्त काँक्रीट हाताने काढावं लागलं. छत्र्यांवरच्या निळ्या-हिरव्या फरश्यांची कला तिथे लुप्त झाली होती, तेव्हा उझबेकिस्तानातून उस्ताद आणले आणि शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना त्यांच्या हाताखाली बसवलं. म्हणजे स्मारकाच्या दुरुस्तीतच शाळा भरली. आपल्या मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं काम २००३ ते २००८ असं चाललं. महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांनी मिळून ते केलं, आर्किटेक्ट होते विकास दिलावरी. २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला पुरस्कार मिळाला. तिथलं छतावरचं रंगकाम, सोनेरी मुलामा, ओतीव लोखंडाचे खांब हे सगळं म्हणजे वेगवेगळ्या कारागिरांसाठी वेगवेगळे वर्गच.

जगात इतरत्र तर हे अगदी ठरवून करतात. जपानमध्ये इसे इथलं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. शेवटचं २०१३ साली झालं, पुढचं २०३३ मध्ये. वीस वर्षं का? हा काळ एका पिढीने दुसरीला शिकवायला अगदी बेताचा आहे. विशीतला पोऱ्या चाळिशीत कारागीर आणि साठीत उस्ताद. फ्रान्समध्ये गेदलाँ नावाच्या ठिकाणी १९९७ पासून तेराव्या शतकातली हत्यारं आणि तेराव्या शतकातल्या पद्धती वापरून एक किल्ला बांधताहेत. लोक हसायचे म्हणे, आज किल्ला कशाला हवा? १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं लाकडी छत जळालं. ते पुन्हा करायला कुऱ्हाडीने ओंडके तासणारे सुतार हवे होते, आणि त्यांतले काही गेदलाँला शिकलेले निघाले. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

लांब कशाला, गुजरातचे सोमपुरा बघा. सोमनाथाचं नवं देऊळ प्रभाशंकर सोमपुरांनी केलं, १९५१ मध्ये तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. त्या घराण्यांकडे विद्या टिकली ती पोथ्यांमुळे थोडी आणि हातातलं काम कधी थांबलं नाही म्हणून जास्त. आपल्याकडे पोथ्या हरवल्या नाहीत, काम थांबलं.

महाराष्ट्रात आता काम मिळण्याची वेळ आली आहे असं दिसतंय. २०१७ मध्ये रायगडासाठी प्राधिकरण झालं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. शनिवार-रविवारी घमेली-फावडी घेऊन गडावर जाणाऱ्या पोरांचे गट जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, टाकी साफ करतात, वाटा मोकळ्या करतात. हा उत्साह खरा आहे आणि फुकट आहे. पण उत्साहाच्या हातात सिमेंटची गोणी आली तर तो तटबंदीचं नुकसानही तितक्याच प्रेमाने करेल. या पोरांना चुना मळायला, ओळंबा धरायला, ढासळलेल्या भिंतीतला दगड पुन्हा त्याच्याच जागी कसा बसतो ते बघायला एखादा म्हातारा गवंडी मिळाला तर? अर्थात पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, मनाने काहीच नाही.

अडचण पुढेच आहे. समजा एखाद्या वाड्याच्या कामावर दोन वर्षं घालवून एक पोरगा चुन्याचं काम शिकला. काम संपलं. पुढे काय? पुढचं टेंडर सगळ्यात कमी पैसे मागणाऱ्याला, आणि त्याच्याकडे या पोराच्या कसबाला वेगळा दर नाही. मग तो नाक्यावर उभा राहतो आणि मिळेल त्या टॉवरवर सिमेंटचा गिलावा मारायला जातो. दोन वर्षांची शिकवणी दोन महिन्यांत पुसली जाते. पाथरवटाच्या मुलालाही विचारून बघा, बापाची टाकी हातात घ्यायची आहे का. फुप्फुसात जाणारी धूळ, उन्हात पाठ मोडणं आणि वर 'अडाणी' हा शिक्का. त्याने नाही म्हटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो. दगडाला येतं हो, टाकी मारणाऱ्याला कधी येणार?

म्हणून मला वाटतं की जुन्या इमारतीच्या कामाचा हिशेब करताना इमारत किती वाचली याबरोबर माणसं किती तयार झाली हेही मोजावं. टेंडरमध्येच लिहावं की इतके शिकाऊ असतील, त्यांना इतकं वेतन असेल आणि शेवटी हातात दाखला असेल. इमारत शेवटी कधीतरी जाईलच, लोनाडचं शिखरही गेलंच. तिला पुन्हा उभं करू शकणारी माणसं असतील तर फार बिघडत नाही.

आणि याचा संबंध फक्त देवळांशी आणि किल्ल्यांशी नाही. ज्याने जुनी भिंत उघडून बघितली आहे त्याला इमारतीची भाषा कळते. ही भेग वरवरची की खालून आलेली, हा ओलावा कुठला, ही तुळई का वाकली, हे प्रश्न आठशे वर्षांच्या गाभाऱ्यात आणि चाळीस वर्षांच्या चाळीत सारखेच असतात, फक्त उत्तरं वेगळी. काँक्रीटची इमारत तपासायला इंजिनियर लागतो, ते काम गवंड्याचं नाही. पण रोज त्या जिन्यावरून जाणारा, खांबाला टिचकी मारून "हा पोकळ वाजतोय, कुणाला तरी बोलवा" म्हणणारा माणूस गल्लीत असणं वेगळं. भिवंडीसारख्या शहरात, जिथे माग दिवसरात्र इमारती हलवत असतात, तिथे तर तो हवाच.

लोनाडपासून धामणकर नाका काही फार लांब नाही. एका ठिकाणी शिकलेला पोरगा संध्याकाळी रिक्षाने दुसऱ्या ठिकाणी घरी जाऊ शकेल. आज तशी सोय नाही. करायची म्हटली तर खर्च एखाद्या कमानीइतकाही येणार नाही... आणि स्वागत कमानी आपण किती बांधतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

असो.